सीएमएस निवडण्याआधी मजकूर टाकणाऱ्याच्या शेजारी बसा

तुमचं म्हणणं असं: अडीचशे माणसांची कंपनी, पाच विभाग आपापला मजकूर टाकणार, साइट दोन भाषांत, आणि त्यासाठी सीएमएस, म्हणजे साइटवर मजकूर टाकायची-सांभाळायची प्रणाली, निवडायचीय. मार्केटिंगला वर्डप्रेस हवंय, आयटीला ड्रुपल, आणि एक विक्रेता स्वतःचं सशुल्क सीएमएस गळ्यात मारायला बसलाय.

तिन्ही नावं जरा बाजूला ठेवा आणि रोज मजकूर टाकणाऱ्या माणसाशेजारी तासभर बसा. मी एकदा हे केलं नाही. १४० उत्पादनांची पानं होती आणि वजन, व्होल्टेज, वॉरंटी सगळं एडिटरच्या एकाच चौकटीत टेबल करून डकवलेलं. वॉरंटी एक वर्षाची दोन वर्षं झाली, तेव्हा मजकूर सांभाळणाऱ्या ताई चार दिवस एकेक पान उघडून आकडा बदलत होत्या. तरी सहा पानं राहिलीच, आणि ती सापडली ग्राहकाला. यात सीएमएसचा काही दोष नव्हता. वॉरंटीचं वेगळं फील्ड, म्हणजे तेवढ्याच माहितीचा स्वतंत्र रकाना, करावं हे कुणाच्या, म्हणजे माझ्याच, डोक्यात आलं नव्हतं. ड्रुपलमध्ये अशी फील्ड ब्राउझरमधूनच जोडता येतात, ती तिथली मूळ पद्धतच आहे. वर्डप्रेसमध्येही जमतं, पण भरायला सोपा फॉर्म हवा तर प्लगिन, म्हणजे इतरांनी बनवलेली वरून बसवायची जोडणी, किंवा थोडा कोड लागतो.

दुसरी गोष्ट मंजुरीची, आणि तुमच्याकडे खरी मेख इथेच आहे. वर्डप्रेसमध्ये एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासून प्रसिद्ध करायचं, इतकं आयतं मिळतं. पण आधीच प्रसिद्ध असलेल्या पानात बदल केला की सेव्ह करताच तो जगाला दिसतो. जुनं पान चालू ठेवून नवा मसुदा साहेबांकडे पाठवायचा, तर प्लगिन हवं. ड्रुपलच्या गाभ्यात, म्हणजे वेगळं काही न जोडता, याची सोय आहे, टप्पेही आपले आपण ठरवता येतात. दोन भाषांचंही तेच: ड्रुपल ८ पासून, म्हणजे २०१५ पासून, ते गाभ्यातच आहे; वर्डप्रेसमध्ये मजकुराच्या भाषांतरासाठी पुन्हा प्लगिन. प्लगिन वाईट नसतात हो, पण तीन महत्त्वाची कामं तीन वेगळ्या लोकांच्या प्लगिनवर टांगली की प्रत्येक अपडेटला धाकधूक.

म्हणून तुम्ही सांगितलंय त्यावरून माझं मत ड्रुपलकडे झुकतं. अट एकच, ते सांभाळणारा डेव्हलपर हाताशी हवा, आणि तोही कंपोझरला, म्हणजे ड्रुपलचे भाग बसवायच्या आणि अपडेट करायच्या कमांड-लाइन साधनाला, न घाबरणारा. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपल ७ च्या सुरक्षेत मोठं भोक सापडलं, तेव्हा त्यांच्याच सुरक्षा गटाने सांगितलं होतं की घोषणेनंतर सात तासांत पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोड, लावला नसेल तर साइट फुटली असंच धरा. तुमच्याकडे त्याच दिवशी पॅच लावणारं कोणी आहे का? ड्रुपल ७ वरून ८ वर जाणं म्हणजेही अपडेट नव्हतं, साइट जवळजवळ नव्याने बांधावी लागे. ८ पासून पुढचे टप्पे बरेच सोपे झालेत. तरी असा माणूस किंवा तसा देखभालीचा करार नसेल, तर वर्डप्रेस घ्या आणि मंजुरीचे टप्पे कमी करा. खरं सांगायचं तर पाचांतले तीन टप्पे बहुतेक ठिकाणी नुसते शोभेचे असतात.

विक्रेत्याला लगेच नाही म्हणू नका, पण डेमोत माउस त्याच्या हातात देऊ नका. तुमच्याच माणसाला वर्डमधलं टेबल असलेलं पान डकवू द्या, फोटो लावू द्या, मंजुरीला पाठवू द्या आणि मग त्यातली एक चूक दुरुस्त करू द्या. शिवाय उद्या सोडून जायचं झालं तर सगळा मजकूर, फोटो आणि फील्डांसकट, कोणत्या स्वरूपात हातात पडेल, ते लेखी घ्या. आमच्या वेळी या प्रश्नावर समोरचा बराच वेळ चहाच ढवळत होता.

हेडलेसच्या, म्हणजे मजकूर एकीकडे सांभाळायचा आणि दाखवायचं काम वेगळ्या साइटवर किंवा अॅपवर सोडायचं या पद्धतीच्या, मागे सध्या लागू नका. तोच मजकूर मोबाइल अॅपलाही पुरवायचा असेल तेव्हा बघू. आणि काहीही निवडलं तरी जुन्या साइटवरच्या सगळ्या पत्त्यांची यादी आजच काढून ठेवा, नव्या साइटवर ३०१, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर कायमचं वळवणं, लावायला ती लागेलच.