इंदूरला राहणाऱ्या काकांचा मधुमेहामुळे पाय कापावा लागला, आता डायलिसिसही सुरू झालंय. घरी काय सांभाळायचं?

आधी शेव बंद करा. इंदुरात शेवेविना पोहे म्हणजे काकांना अपमानच वाटेल, पण मिठाने तहान लागते आणि लघवी होत नसेल तर प्यायलेलं पाणी अंगातच साठतं. मग पाय सुजतो, धाप लागते. वजन रोज लिहून ठेवा. 'लो सोडियम' मीठही आणू नका. त्यात बहुधा पोटॅशियम असतं, ते रक्तात वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. नारळपाणी त्याच कारणाने नको, भेटायला येणाऱ्यांनी कितीही प्रेमाने आणलं तरी.

किडनी निकामी झाली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, हे फारसं कोणी सांगत नाही. जुनाच डोस चालू राहिला तर साखर धाडकन खाली येऊ शकते. आकडे चांगले दिसले म्हणून मधुमेह बरा झाला असं समजू नका, डॉक्टरांना डोस पुन्हा ठरवायला सांगा. दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं, की लगेच साखर किंवा ग्लुकोज द्या. संत्र्याचा रस नको, त्यातही पोटॅशियम. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना.

उरलेला पाय रोज बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. शेकायची पिशवी नको, चटका कळतच नाही. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या) हातावर बीपी मोजू देऊ नका.

काका 70 च्या पुढचे असतील तर आयुष्मान कार्ड काढा. 2024 पासून त्या वयाला उत्पन्नाची अट नाही.