पाठीतलं पाणी तपासू द्या, घाबरू नका

तुम्ही विचारलंय की बाबांचा चालताना तोल जातो, विसरायला लागलेत, उपदंशाच्या (सिफिलिस, शरीरसंबंधातून पसरणारा आजार) दोन्ही रक्ततपासण्या, व्हीडीआरएल आणि टीपीएचए, पॉझिटिव्ह आल्यात. पण पाठीतलं पाणी काढलं की लकवा मारतो असं गावात म्हणतात, तर कमरेत एक इंजेक्शन घेऊन भागेल का?

उपदंश मेंदूपर्यंत गेला असेल तर नाही भागणार. आमच्या खानापूरच्या मामांनाही हेच झालं होतं, ते सगळं मी जवळून बघितलंय. पायात वीज चमकावी तशा कळा यायच्या. दोन वर्षं संधिवाताच्या गोळ्या खाल्ल्या, कुणी रक्त तपासलंच नाही, याचा राग अजून जात नाही. एक दिवस न्हाणीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि मामा हंड्यावर आदळले. बेळगावच्या डॉक्टरांनी नेमकं तेच विचारलं, "तोंड धुताना पडता का?" उपदंशात पायाची जाणीव वर नेणाऱ्या मज्जारज्जूतल्या नसा झिजतात. मग पाय कुठं पडतोय ते डोळ्यांनाच बघावं लागतं.

सुईचं म्हणाल तर मज्जारज्जू जिथं संपतो, त्याच्या खाली ती टोचतात. मामांचं दोन दिवस डोकं दुखलं, बस्स. हे पाणी मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं असतं, त्यात पेशी, प्रोटीन आणि व्हीडीआरएल बघतात. तिथली व्हीडीआरएल निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही, असं मात्र धरू नका.

कमरेतलं ते एक इंजेक्शन, म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिन, मेंदूभोवतीच्या पाण्यात पुरेसं पोचत नाही. म्हणून साधं पेनिसिलिन शिरेतून, दर 4 तासांनी 30 ते 40 लाख युनिट, 10 ते 14 दिवस. रात्री 2 वाजताचा डोसही चुकवायचा नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. पहिल्या दिवशी मामांना सडकून ताप भरला, मामी म्हणाल्या बंद करा. पण जंतू मरताना असा ताप येतो, दिवसभरात उतरतो. उतरलाच.

झिजलेल्या नसा सगळ्या परत येत नाहीत. मामा आजही काठी घेतात, रात्री न्हाणीत दिवा चालू ठेवतात. पण कळा कमी झाल्या आणि आजार तिथंच थांबला. टीपीएचए पुढंही बहुधा पॉझिटिव्हच राहील, त्यानं खचू नका. व्हीडीआरएलचा आकडा उतरतोय का ते दर काही महिन्यांनी बघा.

संमतीचा फॉर्म कन्नडमध्ये असला तर सिस्टरांकडून वाचून घ्या, मगच सही करा. बाबांची एचआयव्ही तपासणी आणि आईचंही रक्त, दोन्ही जिल्हा रुग्णालयात फुकट होतं. आईंना तुम्हीच सोबत घेऊन जा, एकटीला पाठवू नका.