ती पिशवी आधी उघडा

लातूरहून एका आईचं पत्र आलंय. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. कुणी काही दिलं तरी त्याला त्याचं काही वाटत नाही. वाढदिवसाला काकांनी आणलेला शर्ट त्याने घडीही न मोडता भिरकावला. आई रोज रात्री गोष्ट सांगते. एक बरणीही ठेवलीय. ‘आज मी कुणाचा आभारी’ हे चिठ्ठीवर लिहून तीत टाकलं की चॉकलेट. तो रोज ‘आई थँक्यू’ एवढंच लिहितो. आता आणखी कुठल्या गोष्टी सांगू, असं त्या विचारतात.

ताई, गोष्टींचं नंतर बघू. पत्रात मधेच तुम्ही एक ओळ लिहिलीय: ‘सासरे महिन्यातून दोनदा औशाकडच्या गावाहून एस.टी.ने पिशवी घेऊन येतात, आमच्याकडे ते कुणी खात नाही, मी तशीच वॉचमनला देते.’ त्या ‘तशीच’पाशी मी अडकले.

काय असतं हो त्या पिशवीत? येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येच्या दिवसांत आले असतील तर हरभऱ्याची भाजी असेल. तिचे कोवळे शेंडे एकेक करून खुडावे लागतात. पाल्यावरची आंब बोटांच्या चिरांत गेली की चरचरतं. पिशवी भरेस्तोवर अख्खी सकाळ जाते. मग ती मांडीवर घेऊन म्हातारा माणूस एस.टी.त बसतो, आणि तुमच्या दारात ती गाठसुद्धा न सुटता दुसऱ्याच्या हातात जाते. वॉचमनदादांना जरूर द्या, पण उघडून, निवडून, त्यांचा वाटा काढून द्या. लेक तिथेच उभा असतो ना? मग शर्टाचं तुम्हाला नवल का वाटतं?

पैठणच्या नाथांनी काशीहून आणलेलं गंगेचं पाणी तहानलेल्या गाढवाला पाजलं, ही गोष्ट तुम्ही त्याला सांगता. सांगत राहा, ती आपलीच आहे. पण आपल्याकडे उपकार तोंडाने कमी आणि हाताने जास्त मानतात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते. वर्षभर जू ओढलेला खांदा हळद-लोण्याने चोळायचा, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ म्हणायचं. बैलाला कुणी थँक्यू म्हणत नाही. त्या लोण्याच्या बोटांनी पोर जे शिकतं, ते चिठ्ठीने नाही शिकत.

गोष्टच हवी असेल तर तुमची स्वतःची सांगा. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा लातुरात असाल तर घागर घेऊन कुठे उभ्या होतात ते सांगा.

आता एकच करा. पुढच्या खेपेला सासरे आले की पिशवी दारात घेऊ नका. त्यांना आत बसवा, पाणी द्या. फरशीवर पेपर पसरा आणि गाठ लेकाला सोडू द्या. शेंगा असतील तर आजोबा-नातू मिळून फोडतील. हे कुणी पेरलं, निंदलं कुणी, रानडुकरांपासून राखलं कुणी, ते आजोबांना विचारू द्या. ‘थँक्यू म्हण’ असं एकदाही म्हणू नका. बरणीतल्या चिठ्ठ्या काढा, बरणी धुऊन पुसा, आणि फोडलेले दाणे त्याच्याच हाताने तीत भरून घ्या.

आणि त्यातलंच काहीतरी त्याच दिवशी शिजवून सासऱ्यांना वाढा. त्यांची परतीची एस.टी. किती वाजता असते, तेवढं आधी विचारून ठेवा.