मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना अभिजात इंग्रजी कादंबरी मुळातून शिकवावी का?

घरी-दारी इंग्रजी कानावर न पडणाऱ्या मुलांना डिकन्सची कादंबरी मूळ भाषेत शिकवण्यात अर्थ आहे का, असे आपण विचारले आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो आणि माझ्या वर्गातील बहुतेक मुले मराठी माध्यमातील असतात. माझ्या मते कादंबरी अवश्य शिकवावी. मात्र संपूर्ण मूळ संहिता वर्गात रेटू नये.

भाषाभ्यासक पॉल नेशन यांच्या २००६ मधील अभ्यासानुसार, कोणाच्याही मदतीविना कादंबरी वाचायची तर मजकुरातील ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात आणि त्यासाठी ८,००० ते ९,००० शब्दकुले (मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपे मिळून एक कुल) अवगत असावी लागतात. नुकत्याच दहावी झालेल्या आपल्या मुलांची तयारी याच्या आसपासही नसते. मग ओळीओळीला अडखळणारा विद्यार्थी गाईडमधला सारांश पाठ करून गुण मिळवतो, पण कादंबरी त्याच्या हाती लागत नाही. बारावीच्या ‘युवकभारती’ या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातील कादंबऱ्यांच्या उताऱ्यांवर कृतिपत्रिका सुटते, पुढे काय होणार ही ओढ मात्र उताऱ्याने लागत नाही.

म्हणून संपूर्ण कथा सोप्या इंग्रजीतील संक्षिप्त आवृत्तीतून वाचून घ्यावी. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मायकेल वेस्ट यांनी १९२०च्या दशकात ढाक्यात बंगाली मुलांसाठी मर्यादित शब्दसंख्येची वाचनपुस्तके तयार केली, ती नेमक्या याच अडचणीवर उपाय म्हणून.

त्यानंतर दोन-तीन उतारे मात्र मुळातूनच, सावकाश आणि मोठ्याने वाचावेत. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’च्या आरंभी एक लांबलचक वाक्य आहे. थडगी, दलदल, नदी आणि समुद्रावरून येणारा वारा असे एकेक करत ते पुढे सरकते आणि अगदी शेवटी कुडकुडणाऱ्या, रडवेल्या पिप या छोट्या कथानायकापाशी येऊन थांबते. मी ते फळ्यावर तुकड्यातुकड्यांनी लिहितो. त्या विस्तीर्ण परिसरात मुलगा किती एकटा आहे, हे वाक्याच्या रचनेतूनच मुलांना उमगते आणि लगेच पुढच्या ओळीत कैदी ओरडतो तेव्हा वर्ग खरोखर दचकतो. हा अनुभव कोणत्याही सारांशातून येत नाही. ही कादंबरी १८६०-६१ मध्ये साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली होती. तेव्हा आठवड्याला एक प्रकरण ही वर्गातील गती तिला मानवतेच.

चर्चा मराठीत झाली तर होऊ द्यावी, विशेषतः मजकूर खटकतो तिथे. आर्थर कॉनन डॉइल यांच्या ‘द साइन ऑफ फोर’ या शेरलॉक होम्सच्या कादंबरीतला खजिना १८५७च्या धामधुमीतल्या आग्र्याचा आहे, म्हणून आपल्या मुलांना ती कथा जवळची वाटते; पण तीच कादंबरी टोंगा या अंदमानच्या आदिवासी पात्राला जवळजवळ हिंस्र पशू म्हणून रंगवते. लेखक त्याच्याकडे कोणाच्या नजरेने पाहतो, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा, मराठीत मनसोक्त बोलू द्यावे आणि मग त्यांचे म्हणणे चार-पाच इंग्रजी वाक्यांत त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे.