डीएनडी करूनही जाहिरातींचे एसएमएस, फोन आणि ई-मेल थांबत नसतील तर काय करावे?

आपल्या प्रश्नात तीन तक्रारी एकत्र आल्या आहेत. डीएनडी, म्हणजे जाहिराती नकोत अशी ‘डू नॉट डिस्टर्ब’ नोंद करूनही प्लॉटचे आणि कर्जाचे एसएमएस येतात, एक क्रमांक ब्लॉक केला की दुसऱ्या क्रमांकावरून फोन येतो, आणि ई-मेलच्या तळाशी असलेल्या ‘अनसबस्क्राइब’वर टिचकी मारावी की नाही, याबद्दल आपण साशंक आहात. मी नागपुरातील एका पतसंस्थेच्या कार्यालयात संगणकाचे काम पाहते, त्यामुळे सभासदांकडून हेच प्रश्न नेहमी कानावर येतात. माझ्या मते बहुतेकांची दमछाक होते ती या सगळ्यांवर ब्लॉक हा एकच उपाय करत राहिल्यामुळे. ब्लॉक केल्याने आपला फोन तेवढ्यापुरता शांत होतो. पाठवणाऱ्याचे त्यात काहीही बिघडत नाही.

एसएमएस आला की प्रथम पाठवणाऱ्याचे नाव वाचावे. नोंदणीकृत संस्थेच्या संदेशावर दहा अंकी मोबाईल क्रमांक नसतो, इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारे नाव असते. त्यांतील पहिली दोन अक्षरे दूरसंचार कंपनी आणि तिचे परिमंडळ दाखवतात, मधला भाग पाठवणाऱ्या संस्थेचा असतो आणि शेवटच्या आडव्या रेघेनंतर एकच अक्षर येते. ते ‘पी’ असेल तर संदेश जाहिरातीचा, ‘एस’ असेल तर सेवेचा, ‘टी’ असेल तर व्यवहाराचा आणि ‘जी’ असेल तर सरकारी समजावा. डीएनडीने अडवायचे असतात ते ‘पी’चे संदेश. ओटीपी किंवा खात्यातून पैसे वळते झाल्याची सूचना डीएनडीने थांबत नाही, आणि थांबूही नये.

आपली नोंदणी खरोखर झाली आहे का, हे एकदा तपासून घ्यावे. १९०९ या क्रमांकावर रोमन अक्षरांत ‘स्टार्ट’, मग एक जागा सोडून शून्य, एवढा एसएमएस पाठवला की सर्व वर्गांतील जाहिराती बंद करण्याची नोंद होते. बँका, स्थावर मालमत्ता, शिक्षण, आरोग्य असे वर्ग निवडायचे असल्यास दूरसंचार नियामक ‘ट्राय’चे डीएनडी ॲप सोयीचे पडते. मात्र एखाद्या कंपनीला आपण स्वतंत्रपणे संमती दिलेली असेल, तर डीएनडी असूनही तिचे संदेश येऊ शकतात, आणि ही संमती आपण कुठे दिली हे आपल्यालाच आठवत नसते. घरकुलांच्या प्रदर्शनात लकी ड्रॉच्या कूपनावर नाव आणि क्रमांक लिहिताना खालची बारीक अक्षरे कोण वाचतो? बर्डीवरच्या दुकानात बिल करताना क्रमांक मागितला जातो तेव्हाही आपण तो सवयीने सांगून टाकतो. वास्तविक ग्राहकाने मोबाईल क्रमांक दिलाच पाहिजे असा आग्रह किरकोळ विक्रेत्यांनी धरू नये, अशी सूचना केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्येच दिली आहे. ‘नंबर द्यायचा नाही’ असे शांतपणे सांगितले तरी बिल मिळते. जिथे संमती आधीच गेली आहे, तिथे संदेशातच दिलेल्या मार्गाने ती मागे घ्यावी. ट्रायच्या नियमांत फेब्रुवारी २०२५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार जाहिरातीच्या संदेशात असा मार्ग देणे बंधनकारक आहे आणि आपण नकार दिल्यावर त्याच कारणासाठी ९० दिवसांच्या आत पुन्हा संमती मागता येत नाही.

आता दहा अंकी क्रमांकांविषयी. ‘एनएमआरडीए मंजूर, आरएल प्लॉट, समृद्धीपासून अमुक मिनिटांवर’ हे प्लॉट विकणाऱ्यांचे वाक्य नागपुरात राहणाऱ्या कोणाला पाठ नसेल? असे फोन बहुधा एजंटच्या स्वतःच्या सिमकार्डावरून येतात आणि मुळात तेच नियमबाह्य आहे, कारण जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारी आणि बँका व तत्सम संस्थांच्या सेवाविषयक फोनसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका ठरवून दिलेली आहे. म्हणून येथे तक्रार सर्वात उपयोगी पडते. पाठवणाऱ्याचा क्रमांक, तारीख आणि फोनचा किंवा संदेशाचा थोडक्यात आशय एवढी माहिती १९०९ वर किंवा ॲपमधून सात दिवसांच्या आत द्यावी. पूर्वी ही मुदत तीन दिवसांची होती. फेब्रुवारी २०२५ च्या त्या दुरुस्तीनंतर डीएनडी न नोंदवलेल्या ग्राहकालाही तक्रार करता येते.

खरी मेख पुढे आहे. दहा दिवसांत पाच वेगवेगळ्या ग्राहकांनी एकाच क्रमांकाविरुद्ध तक्रार केली, तर अशा अनोंदणीकृत पाठवणाऱ्यावर कारवाईचा निकष पूर्ण होतो आणि दूरसंचार कंपनीला पाच दिवसांत पाऊल उचलावे लागते. पहिल्या वेळी त्याच्या जोडण्यांवरून बाहेर जाणारी सेवा १५ दिवस बंद होते. पुन्हा तेच केले तर सर्व जोडण्या वर्षभरासाठी तोडल्या जातात. बेसा किंवा मनीषनगरातील एखाद्या इमारतीत एकच एजंट यादी घेऊन सगळ्या घरांना फोन लावत असतो. अशा वेळी सोसायटीच्या गटावर त्याच्या नावाने बोटे मोडण्याऐवजी तो क्रमांक टाकून ‘आज सगळ्यांनी १९०९ वर कळवा’ असे लिहिले, तर पाच तक्रारी दुपारपर्यंत जमतात. एकट्याने दहा वेळा ब्लॉक करण्यापेक्षा यात जास्त दम आहे.

व्हॉट्सॲपवरच्या जाहिरातींना मात्र १९०९ लागू होत नाही. तिथे ब्लॉक करतानाच रिपोर्टही करावा. केवायसी संपली, वीज तोडणार, पार्सल अडकले अशा धमकीचा संदेश हा जाहिरातीचा प्रकारच नव्हे. तो दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावरील ‘चक्षू’ सुविधेत नोंदवावा, आणि पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न लावता सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर फोन करावा.

ई-मेलबाबत माझा नियम सरळ आहे. ज्या कंपनीकडून मी कधी काही घेतले आहे, तिच्या ई-मेलमध्ये मी ‘अनसबस्क्राइब’ निःशंकपणे वापरते. दिवसाला पाच हजारांहून अधिक ई-मेल पाठवणाऱ्यांनी जाहिरातींसाठी एका टिचकीत नाव कमी करण्याची सोय द्यावी आणि ती विनंती दोन दिवसांत अमलात आणावी, असे जीमेलने २०२४ पासून बंधन घातले आहे. टिचकी ई-मेलच्या वर, पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेलने स्वतः दाखवलेल्या बटनावर मारावी. अनोळखी ई-मेलमधील दुव्याला मात्र हातही लावू नये, कारण पत्ता जिवंत आहे एवढे कळले तरी त्यांचे काम होते. तो थेट स्पॅम म्हणून नोंदवावा. याच कारणासाठी बाहेरील चित्रे आपोआप न उघडण्याची सेटिंगही करून ठेवावी, कारण न दिसणाऱ्या एका ठिपक्याएवढ्या चित्रावरूनही आपण ई-मेल उघडल्याचे पलीकडे समजते.

पत्ता कोणी फोडला हे शोधायचे असल्यास जीमेलमध्ये आपल्या नावानंतर अधिकचे चिन्ह आणि एखादा शब्द जोडून तो पत्ता द्यावा. टपाल आपल्याच पेटीत येते. मी एका गृहप्रकल्पाच्या माहितीपत्रकासाठी असा पत्ता दिला होता आणि पुढे त्याच पत्त्यावर वैयक्तिक कर्जाच्या जाहिराती येऊ लागल्या, त्यामुळे गळती कुठून झाली याविषयी शंका उरली नाही. त्या प्रकल्पाच्या कार्यालयाला मी लेखी कळवले. उत्तर आले नाही. मग त्या जोडपत्त्यावर येणारे सर्व टपाल परस्पर कचरापेटीत टाकणारा फिल्टर लावला.