टी पेशींचे सिग्नल: पहिल्या महिन्यात एवढंच

अगं, टी पेशींच्या (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींच्या) सिग्नल-मार्गांचा तो अख्खा नकाशा आत्ताच भिंतीवर चिकटवू नकोस. मी चिकटवला होता, नुसतं जाळं दिसायचं. एकच साखळी पाठ कर: एलसीके हे एन्झाइम रिसेप्टरच्या आतल्या शेपटीला फॉस्फेट लावतं, तिथे झॅप-७० हे दुसरं एन्झाइम येऊन बसतं, ते लॅट या प्रथिनाला फॉस्फेट लावतं. पुढे पेशीत कॅल्शियम वाढलं की कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम एनफॅटवरचं (जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनावरचं) फॉस्फेट काढतं, मग एनफॅट केंद्रकात शिरतं. म्हणजे ‘फॉस्फेट लागलं की चालू’ असं धरून बसलीस तर इथंच फसशील. सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध अडवतं ते हेच कॅल्सिन्युरिन.

जागं होणं वेगळं, तगणं वेगळं. सीडी२८चा (पेशीवरच्या आणखी एका रिसेप्टरचा) दुसरा सिग्नल नसेल तर पेशी बधिर पडते. मिळाला तर पीआय३के-एकेटी हा एन्झाइमांचा मार्ग तिला जगवायला मदत करतो.

ब्लॉट (फॉस्फेट लागलेली प्रथिनं पडद्यावर अँटिबॉडीने ओळखायची चाचणी) करताना नवखे हमखास चुकतात ते असं:
- दुधात ब्लॉक करतात, म्हणजे पडद्यावरच्या रिकाम्या जागा दुधाने झाकतात. दुधातल्या केसिनवरच फॉस्फेट असतं, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घे.
- फॉस्फेटेज इनहिबिटर (फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमांना अडवणारं रसायन) विसरतात.
- नमुना उशिरा घेतात. सिग्नल मिनिटांत चढतो अन् उतरतो.

आणि बर्फ! नमुने थंडच ठेवायचे असतात. मे महिन्यात परभणीत लाइट गेली, बर्फाचं पाणी झालं, माझे बारा नमुने गेले. थर्माकोलचा डबा आधीच भरून ठेव.

एमटॉर (पेशीची वाढ सांभाळणारं एन्झाइम) दिवाळीनंतर बघू.