जपानच्या खेड्यात राहायला येतोयस ना, मग हे वाच

अरे,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. पगार, व्हिसा, घरभाडं सगळं विचारलंस, पण बायको दिवसभर काय करणार यावर एक ओळ नाही, म्हणून तिथूनच सुरू करते. आम्हाला इथे नागानोत नऊ वर्षं झाली आणि त्यातलं पहिलं वर्ष मी जवळपास घरातच काढलं, कारण बस दिवसाला चार आणि गाडी नवऱ्याकडे. तेव्हा येतानाच दोघांचीही गाडी चालवायची इंटरनॅशनल परमिटं काढून आणा, जपानात उतरल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष चालतात, आणि त्या वर्षात इथलं लायसन्स करून घ्या. तिचं भारतातलं लायसन्स नवीन असेल तर ते काढल्यावर भारतात तीन महिने तरी राहिलेली असायला हवी, नाहीतर इथे बदलून देत नाहीत. आमच्या वेळी लेखी परीक्षेला 10 प्रश्न असायचे, 7 बरोबर आले की झालं, ऑक्टोबर 2025 पासून 50 प्रश्न आणि 45 बरोबर लागतात. गाडी आपल्यासारखी डावीकडूनच चालवायची एवढंच काय ते सोपं. प्रॅक्टिकलला मी तिसऱ्यांदा पास झाले, हसू नकोस.

आता गावाचं. दाराशी एक फाईल येईल, तिला कैरानबान म्हणतात, म्हणजे गावाच्या सूचना घरोघर फिरवायची फाईल, वाचायची, सही किंवा शिक्का मारायचा आणि शेजारच्या घरी नेऊन द्यायची. मी पहिल्या वर्षी काय केलं, एक अक्षर कळत नव्हतं म्हणून सही ठोकली आणि दिली पुढे. आत लिहिलेलं की रविवारी सकाळी सहाला कालव्याकाठचं गवत कापायचंय, घरटी एक माणूस. आम्ही दोघं झोपलेलो, बाहेर मशीनचा घर्रर्र आवाज येतोय आणि मी नवऱ्याला म्हणते, रविवारी पण यांना चैन नाही! सातला खिडकीतून बघितलं तर अख्खं गाव रस्त्यावर, ऐंशीच्या आसपासचे शेजारचे आजोबा आमच्या कुंपणापुढचं गवत काढतायत. कुणी काही बोललं नाही रे, हेच वाईट. इकडे तोंडावर कुणी बोलत नाही, त्यामुळे आपलं चुकलंय हे आपल्यालाच समजून घ्यावं लागतं. आता मी फाईल आली की मोबाईलचा कॅमेरा लावून भाषांतर वाचते, मगच सही.

कचऱ्याचंही तसंच. आमच्याकडे पिशवीवर नाव लिहावं लागतं, चुकीच्या दिवशी ठेवली की स्टिकर लागून तिथेच पडून राहते, नावासकट. कॅलेंडर फ्रिजवर चिकटव.

खाण्याचं फार टेन्शन घेऊ नका. मुळ्याचा पाला इथे भरपूर, भोपळा इतका गोड की घारगे छान होतात. फक्त शाकाहारी असाल तर 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही, सूपमध्ये, सॉसमध्ये, भाजीतसुद्धा माशाचा दाशी, म्हणजे मासा उकळून काढलेलं पाणी, असतो. लेकीच्या शाळेत आधीच जाऊन बोल, डबा चालेल का विचार. ती जाईल मात्र चालत, गावातल्या पोरांच्या घोळक्यात, आणि वर्गही स्वतः झाडेल, बघून रडू नका, मी रडले होते.

शेजारची आजी काकड्या, वांगी दाराशी ठेवून जाते, कधीकधी नाव न सांगताच. आपल्याकडे कसं शेजारचं भांडं रिकामं परत देत नाहीत, तसंच इथे, काहीतरी उलट द्यायचंच. मी शंकरपाळे देते. पहिल्यांदा दिले तेव्हा आजीने एक खाल्ला, बाकीचे रुमालात बांधून देवघरात नवऱ्याच्या फोटोपुढे ठेवले, मला काय बोलावं सुचेना.

थंडीत मात्र घर म्हणजे फ्रिज. रॉकेलचे 18 लिटरचे लाल कॅन लागतात, आणि रात्री पारा फार उतरणार असेल तर झोपताना नळाच्या पाइपातलं पाणी सोडून रिकामं करायचं, नाहीतर सकाळी पाइप फुटलेला. हे घरमालकाकडून पहिल्याच दिवशी करून बघ, फोनवर कळत नाही.

आल्यावर 14 दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदव. हिंग आणा, आणि कुकरच्या दोन गास्केट जास्तीच्या आणा, आमच्या गावात कुठेच मिळत नाहीत.

तुझी,
ताई